माळढोकाचा माळ

सरकारी दप्तरांत जमिनीचे जे अनेक प्रकार लिहिलेले असतात, त्यांत ‘पडीक’ हा एक आहे. जींत नांगर फिरत नाहीं आणि जिच्यापासून सरकारास सारा मिळत नाहीं ती जमीन पडीक, असा त्याचा साधा अर्थ. हिशेब ठेवणाऱ्याच्या दृष्टीनें तो बरोबरही आहे. परंतु ह्या एका शब्दाच्या आधारानें पुणें, सोलापूर आणि अहमदनगर (२०२४ पासूनचें अहिल्यानगर) ह्या तीन जिल्ह्यांतील माळांचें गेल्या दोनशें वर्षांत कसें रूपांतर झालें, त्यांत माणसाच्या पदरीं काय पडलें आणि त्याच्या हातून काय निसटलें, ही कथा मोठी विचार करण्याजोगी आहे. त्या कथेचा नायक एक पक्षी आहे. त्याचें नांव माळढोक.

सह्याद्रीच्या पूर्वेस, जेथें मोसमी वाऱ्यांचें पाणी घांटावरच संपून जातें, तेथें हा प्रदेश पसरला आहे. वर्षाला वीस-पंचवीस इंच पाऊस पडला तर तें वर्ष चांगलें म्हणावयाचें. भीमा, नीरा, सीना ह्या नद्यांच्या कांठची काळी, कसदार जमीन नांगराची आणि वरची मुरमाड, उथळ जमीन गवताची, अशी येथील वांटणी निसर्गानेंच करून ठेविली होती. पूर्वीं येथें घनदाट अरण्य होतें व तें तुटल्यावर माळ उरला, अशी पुष्कळांची समजूत असते. ती सर्वस्वी खरी नाहीं. इतक्या थोड्या पावसावर आणि इतक्या उथळ मातींत निबिड अरण्य वाढत नाहीं, गवत वाढतें. पवन्या, मारवेल, कुसळी अशा गवतांचें, मधून मधून बोरी-बाभळी असलेलें हें माळरान ही स्वतंत्र आणि पुरातन सृष्टि आहे. काळवीट आणि चिंकारा, लांडगा, खोकड आणि तरस, तणमोर, धाविक, चंडोल, पखुर्डी, हिंवाळ्यांत दूर उत्तरेकडून येणारा भोवत्या, हे सर्व ह्या सृष्टीचे रहिवासी. अरण्यांत नेऊन सोडले तर त्यांपैकीं बहुतेकांचा निभाव लागावयाचा नाहीं.

माणसासही हा माळ कधीं निरुपयोगी वाटला नव्हता. मराठ्यांच्या राज्यांत घोडदळ हा लष्कराचा कणा होता, आणि घोड्यास चारा लागतो. म्हणून सरकारी कुरणें राखलीं जात आणि त्यांतील गवतावर दरबारची सक्त नजर असे. भीमथडीच्या तट्टांनीं उत्तरेपर्यंत मजला मारल्या. त्यांचें बळ ह्याच गवतांतून आलें होतें. धनगर आपलीं दख्खनी मेंढरें घेऊन पावसाळ्यांत ह्या माळांवर फिरत आणि पुढें कापणी झालेल्या शेतांत तीं बसवीत. शेतास खत मिळे, मेंढरांस चारा मिळे, आणि धनगरास धान्य मिळे. लांडगा एखादें मेंढरूं नेई. तो त्या व्यवहारांतला एक खर्चच धरलेला असे. ज्यास पुढें ‘पडीक’ हें नांव पडलें, त्या भूमीवर असा संसार नांदत होता.

ह्या संसाराचें पहिलें शास्त्रीय टिपण एका इंग्रज लष्करी अंमलदारानें केलें. पेशवाई बुडाल्यावर दख्खनच्या नव्या मुलुखाची सर्व प्रकारची माहिती गोळा करण्यासाठीं मुंबई सरकारनें इ. स. १८२४ मध्यें विल्यम हेन्री साइक्स ह्यांची नेमणूक केली. १८३१ पर्यंत ते हें काम करीत होते. लोकसंख्या, पिकें, बाजारभाव यांबरोबर पशुपक्ष्यांकडेही त्यांनीं बारकाईनें पाहिलें. हिंदुस्थानांतील लांडग्याचें शास्त्रीय वर्णन त्यांनीं १८३१ सालीं प्रसिद्ध केलें, आणि १८३२ सालीं दख्खनच्या पक्ष्यांची मोठी यादी लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढें मांडली. माळढोक त्यांच्या काळीं ह्या भागांत विपुल होता. किती विपुल, याचा अंदाज शिकारीच्या एका नोंदीवरून येतो. १८०९ ते १८२९ ह्या वीस वर्षांत अहमदनगरच्या परिसरांत एकट्या एका इंग्रज शिकाऱ्यानें ९६१ माळढोक मारल्याचें नमूद आहे. आज साऱ्या जगांत मिळून हे पक्षी दोनशेंही उरलेले नाहींत.

हा पक्षी आहे तरी कसा? उभा राहिला म्हणजे नराची उंची सुमारें एक मीटर भरते, आणि त्याचें वजन पंधरा किलोपर्यंत जातें. उडूं शकणाऱ्या जगांतील सर्वांत जड पक्ष्यांत त्याची गणना होते. पाठ तपकिरी, मान शुभ्र, डोक्यावर काळी टोपी. पावसाळ्याच्या दिवसांत नर एखाद्या उंचवट्यावर उभा राहून गळ्याखालची पिशवी फुगवितो, शेंपटी पाठीवर उलटी घेतो आणि खोल, घुमणारा हुंकार काढतो. तो शांत वेळीं अर्धा किलोमीटरपर्यंत ऐकूं येतो, आणि त्यावरूनच कांहीं भागांत ह्या पक्ष्यास ‘हूम’ असें नांव पडलें. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडें घालते आणि जवळजवळ चार आठवडे तें एकटीच उबविते. एका वर्षास एक अंडें, तेंही माळावर उघडें. तें कोल्ह्या-कुत्र्यानें नेलें किंवा गुराच्या पायाखालीं फुटलें कीं वर्ष फुकट गेलें. अशा प्राण्याचा वंश टिकतो तो त्याच्या दीर्घ आयुष्यावर. आणि बंदुकीची गोळी नेमकी तेंच तोडते.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. जुन्या पद्धतीच्या शेतीशीं ह्या पक्ष्याचें वैर नव्हतें. सोलापुराकडील मुख्य पीक रब्बीची ज्वारी. मोहोळच्या शेतकी केंद्रांत १९३० नंतरच्या दशकांत निवडलेली ‘मालदांडी’ ज्वारी आजही घरोघरच्या भाकरीस गोडी आणते. ही ज्वारी भाद्रपद-आश्विनांत पेरली जाते. तोंवर काळें रान नांगरून उघडें ठेवलेलें असतें. नेमक्या त्याच पावसाळी महिन्यांत माळढोकाचा विणीचा हंगाम असतो. मादीनें माळावरच्या गवतांत अंडें घालावें आणि लगतच्या उघड्या शेतांत नाकतोडे, भुंगेरे, सरडे टिपीत हिंडावें, असा हा क्रम होता. शेतांतील भुईमुगाचे कांहीं दाणे तो खाई; त्याच्या मोबदल्यांत पिकावरचे किडेही खाई. तेव्हां नांगर आला आणि पक्षी गेला, इतकी ही हकीकत सरळ नाहीं. नांगर कोठपर्यंत आला, हा प्रश्न आहे.

तो पुढें सरकण्यास सुरुवात झाली इंदापूर तालुक्यांत. इंग्रजी अमदानीच्या आरंभीं प्रिंगल ह्या अंमलदारानें बसविलेली साऱ्याची आकारणी रयतेस इतकी जड झाली कीं कुळें शेतें टाकून जाऊं लागलीं. मग १८३६ सालीं गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या दोघांनीं तेथें नवी पाहणी केली. शेतांस नंबर दिले, प्रतीप्रमाणें सारा हलका केला, आणि तो तीस वर्षें वाढणार नाहीं अशी हमी दिली. रयतेच्या दृष्टीनें ही सुधारणा मोठीच होती. सोडलेल्या जमिनी पुन्हां वहितीस आल्या, आणि हीच पद्धति पुढें साऱ्या मुंबई इलाख्यांत पसरली. मात्र हलक्या साऱ्यामुळें पूर्वीं ज्या माळास कोणी हात लावला नसता, तोही नांगरण्याचा मोह होऊं लागला. १८६० मध्यें आगगाडी सोलापुरास पोंचली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ ह्या काळांत कापसास अपूर्व भाव आला. बाजार दारांत आला कीं शेताची कड वाढते. ती त्या काळांत गांवोगांव वाढली. चराऊ रान गायरानापुरतें आंखडलें, आणि घोडदळ नाहींसें झाल्यामुळें कुरणांस पूर्वींचा धनीही उरला नाहीं.

त्यानंतर १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ पडला. माणसें आणि गुरें ह्यांचा जो संहार ह्या भागानें तेव्हां पाहिला, त्यानंतर पाटबंधाऱ्यांची मागणी न होती तरच नवल. १८८५ मध्यें नीरेचा डावा कालवा सुरू झाला, आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या रानांत पाणी खेळूं लागलें. त्या पाण्याबरोबर ऊंस आला. विसाव्या शतकांत प्रथम खाजगी कंपन्यांनीं साखरेचे कारखाने काढले. १९३० नंतर सोलापूर जिल्ह्यांत माळीनगर येथें सासवडच्या माळी शेतकऱ्यांनीं स्वतःचा कारखाना उभारला, आणि १९५० च्या सुमारास अहमदनगर जिल्ह्यांत विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं प्रवरानगरचा सहकारी कारखाना निघाला. महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनांतील ही एक अभिमानाची घटना आहे. शेतकऱ्याचीं मुलें शाळा-कॉलेजांत गेलीं तीं पुष्कळ अंशीं ह्या ऊंसाच्या बळावर. माळढोकाची कथा सांगतांना ही बाजू दडविणें अन्यायाचें होईल.

परंतु ज्वारी आणि ऊंस ह्यांत माळढोकाच्या दृष्टीनें जमीन-अस्मानाचें अंतर आहे. ज्वारीचें रान वर्षांतील अर्धे दिवस मोकळें असतें. ऊंस बारा-चौदा महिने पुरुषभर उंच उभा राहतो. ज्याला दूरवर पाहिल्याशिवाय चैन पडत नाहीं असा हा मोकळ्या रानाचा पक्षी त्या भिंतींत कसा शिरणार? शिवाय दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाड्या सर्वत्र झाल्या. पूर्वीं पायीं किंवा बैलगाडीच्या आडोशानें जाणाऱ्या शिकाऱ्यास दिवसभरांत एखादा पक्षी मिळे. जीप तर माळावर त्याच्या मागें धांवूं लागली. १९६३ मध्यें भारताचा राष्ट्रीय पक्षी म्हणून मोराची निवड झाली. ख्यातनाम पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनीं माळढोकाचा पुरस्कार केला होता. मोर कोणी मारीत नाहीं, तो आपला आपण सुरक्षित आहे. ज्यास संरक्षणाची गरज आहे त्यास हा मान द्यावा, असा ह्या सूचनेमागील विचार होता. ती मान्य झाली नाहीं.

१९७२ हें साल ह्या कथेंत दोन कारणांनीं महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि माळढोकाचें नांव त्याच्या पहिल्या परिशिष्टांत घातलें गेलें. त्याच वर्षीं महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. दुष्काळनिवारणासाठीं पुढें अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम निघाला, आणि त्यांतून सोलापूरजवळ नान्नज येथें माळाचे कांहीं तुकडे झाडें लावण्यासाठीं कुंपण घालून बंद करण्यांत आले. हेतु झाडें वाढविण्याचा होता. वाढलें तें गवत. गुरांची चराई थांबतांच दबलेलें गवत एक-दोन पावसाळ्यांत गुडघाभर झालें, आणि त्या गवतांत माळढोक अंडीं घालूं लागले. सोलापुराकडील हौशी पक्षिनिरीक्षकांनीं ही गोष्ट उजेडांत आणली. महाराष्ट्रांतून जवळजवळ गेला असें वाटणारा पक्षी शहरापासून थोड्या मैलांवर नांदत होता! मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक १९८१ पासून तेथें तळ देऊन राहिले, आणि ह्या पक्ष्याच्या जीवनक्रमाविषयीं जें ज्ञान आज उपलब्ध आहे त्यांतील मोठा भाग नान्नजच्या माळावर मिळालेला आहे.

हा आनंद ओसरण्यापूर्वींच एक मोठी चूक घडून गेली होती. १९७९ मध्यें सरकारनें माळढोकासाठीं अभयारण्य जाहीर केलें, तें तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरांचें. सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतील मोहोळ, माढा, करमाळा, उत्तर सोलापूर, कर्जत, श्रीगोंदा, नेवासा ह्या तालुक्यांतील विस्तीर्ण मुलूख त्यांत आला. गांवें, बाजारपेठा, रस्ते, विहिरी, ऊंसाचे मळे, सर्व कांहीं कागदोपत्रीं अभयारण्य झालें. प्रत्यक्ष गवताळ माळ त्याचा लहानसा अंश. आतां अभयारण्यांतील जमीन म्हटली कीं खरेदी-विक्रीस, कारखान्यास, रस्त्यास कायद्याची आडकाठी आली. मुलीच्या लग्नासाठीं दोन एकर विकूं पाहणाऱ्या शेतकऱ्यास, ज्यानें माळढोक जन्मांत पाहिलेला नाहीं त्यासही, सांगण्यांत येऊं लागलें कीं एका पक्ष्यामुळें तुझा व्यवहार होत नाहीं. आजार म्हशीला आणि डाग पखालीला, म्हणतात तसें झालें. जो पक्षी गांवकऱ्यांच्या अंगवळणी पडलेला होता, तोच त्यांच्या रोषाचा विषय झाला.

हा रोष काय करूं शकतो याचा दाखला मध्य प्रदेशांतील करेरा येथें मिळाला. तेथें १९८१ मध्यें माळढोकासाठींच अभयारण्य झालें. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनें आलीं. संरक्षणामुळें काळवीट वाढले आणि पिकें खाऊं लागले. नुकसान शेतकऱ्याचें, आणि त्याची दाद नाहीं. लोकांचें मन फिरलें आणि १९९० नंतरच्या दशकांत तेथला माळढोक नाहींसा झाला. ज्या पक्ष्यासाठीं अभयारण्य, तोच गेला. बंधनें मात्र मागें राहिलीं. महाराष्ट्रांत एवढें टोक गांठण्यापूर्वीं सीमांचा फेरविचार झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीनें, २०१२ च्या सुमारास, अभयारण्याचें क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणलें गेलें. निर्णय शहाणपणाचा होता. पण त्यास तीस वर्षें लागलीं, आणि तीं तीस वर्षें पक्ष्यासही पुरलीं नाहींत आणि माणसासही सुखाचीं गेलीं नाहींत.

कारण त्याच अवधींत भोंवतालचा प्रदेश ओळखूं न येण्याइतका बदलला. भीमेवरील उजनीचें धरण १९८० मध्यें पुरें झालें. त्याच्या कालव्यांनीं आणि विजेच्या पंपांनीं ज्वारीच्या रानांत ऊंस नेला, आणि सोलापूर हा सर्वांत अधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकीं एक झाला. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ रोहित पक्ष्यांचे थवे उतरूं लागले, ही त्या धरणाची एक रमणीय देणगी खरी. पण पाणपक्षी मिळाले म्हणून माळाचे पक्षी गेल्याची भरपाई होत नाहीं. नान्नजच्या राखीव तुकड्यांतही लावलेलीं गिरिपुष्पाचीं झाडें वाढून माळ झांकूं लागला, आणि अखेर वनखात्यास तीं काढण्याचें काम हातीं घ्यावें लागलें. माळावर झाड लावणें हें पुण्यकर्मच असलें पाहिजे, ही समजूत येथें महागांत पडली. विजेच्या तारा हें तिसरें संकट. माळढोकाचे डोळे बाजूंस असल्यानें त्यास समोरचें थोडें दिसतें. उडतां उडतां तार दिसेपर्यंत हा जड पक्षी वळूं शकत नाहीं. नान्नजला जेथें पूर्वीं पंचवीस-तीस पक्षी एका हंगामांत दिसत, तेथें आतां एखादा दिसला तर ती वर्तमानपत्रांतील बातमी होते.

देशांत उरलेल्या माळढोकांपैकीं बहुतेक सर्व राजस्थानांत, जैसलमेरच्या बाजूस आहेत. २०११ मध्यें जागतिक सूचींत त्यास अतिसंकटग्रस्त ठरविण्यांत आलें. २०१९ पासून जैसलमेर जिल्ह्यांतील सम येथें माळावरचीं अंडीं आणून, यंत्रांत उबवून पिल्लें वाढविण्याचा प्रयोग चालू झाला, आणि २०२४ च्या ऑक्टोबरांत कृत्रिम रेतनापासून पहिलें पिल्लूं जन्मास आलें. तारा जमिनीखालून नेण्याविषयीं सर्वोच्च न्यायालयानें २०२१ मध्यें आदेश दिला; २०२४ मध्यें तो बदलून तो प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोंपविण्यांत आला, कारण त्या तारांतून सूर्याची आणि वाऱ्याची वीज वाहते, आणि तीही देशास हवीच आहे. एका हिताचा दुसऱ्या हिताशीं असा सामना ह्या कथेंत पहिल्यापासून चालू आहे. दुष्काळाविरुद्ध कालवा, दारिद्र्याविरुद्ध ऊंस, कोळशाविरुद्ध सूर्य; प्रत्येक वेळीं कारण चांगलेंच होतें, आणि प्रत्येक वेळीं किंमत माळानें दिली, कारण दप्तरांत त्याची किंमत शून्य लिहिलेली होती. २००० सालापासून केंद्र सरकारनें देशांतील पडीक जमिनींचे जे नकाशे प्रसिद्ध केले, त्यांतही गवताळ रानांचा पुष्कळ भाग पडीक म्हणूनच दाखविला गेला आहे.

तथापि कथा येथेंच संपत नाहीं. अहमदनगर जिल्ह्यांतील रेहेकुरी येथें १९८० मध्यें काळविटांसाठीं केलेलें अभयारण्य अवघें दोन चौरस किलोमीटरांच्या थोडें वर आहे. पण तें खऱ्याखुऱ्या माळाचें असल्यामुळें टिकलें, आणि काळवीटही टिकले. ज्या इंदापूर तालुक्यांत १८३६ सालीं माळ नांगराखालीं आणणारी पाहणी झाली, त्याच तालुक्यांतील कडबनवाडी येथें, आणि शेजारच्या बारामती तालुक्यांतील शिर्सुफळ येथें, वनखात्यानें २०२३ मध्यें माळरान दाखविण्याची योजना सुरू केली. लोक पैसे देऊन चिंकारा आणि लांडगा पाहण्यास येतात, आणि त्यांना वाट दाखविणारे तरुण त्याच गांवचे असतात. ऊंसाच्या मळ्यांमध्यें बेटासारखे उरलेले हे माळ लहान आहेत; तरी त्यांवर अद्याप गवत हलतें, लांडगीण पिल्लें घालते आणि धनगराचीं मेंढरें पावसाळ्यांत पूर्वींच्याच वाटेनें जातात.

माळढोक महाराष्ट्रांत पुन्हां नांदेल किंवा नाहीं, हें येणारीं थोडीं वर्षें ठरवितील. समच्या यंत्रांत जन्मलेलीं पिल्लें उद्यां मोठीं झालीं, तर त्यांना सोडावयास जागा लागेल. ती जागा कुंपणानें किंवा कायद्याच्या कलमानें निर्माण होणारी नाहीं. ज्या गांवाच्या शिवेस तो माळ आहे, त्या गांवास त्याचें मोल कळलें आणि मिळालें, तरच ती उरेल. त्यासाठीं तलाठ्याच्या दप्तरांतील तो एक जुना शब्द आधीं बदलावा लागेल. ज्या भूमीनें मराठ्यांचे घोडे पोसले, धनगराचीं मेंढरें पोसलीं आणि ज्वारीच्या रानांतले किडे टिपणारा तो उंच, मानी पक्षी पोसला, ती कोणत्याही अर्थानें पडीक नव्हती.